शटडाऊनमध्ये घर कसं सांभाळायचं: अमेरिकेत नव्याने सरकारी नोकरीत आलेल्यांसाठी

2 ऑक्टोबर 2025, दसरा. सांगलीहून आईचा फोन आला. श्रीखंड केलंस का, मुलांना सुट्टी आहे का, हे विचारून झालं आणि मी तिला सांगितलं की कालपासून ऑफिस बंद आहे, पगार कधी होईल ते ठाऊक नाही. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, सरकारी नोकरी ना तुझी? सरकारी पगार कसा थांबेल?"

आपल्याकडे वाढलेल्या कुणालाही हाच प्रश्न पडतो. भारतात अर्थसंकल्पाला वेळ लागणार असेल तर लेखानुदान मंजूर करून घेतात, त्यामुळे कारकुनाचा पगार अडत नाही. अमेरिकेत राजकारणी अडून बसले की कार्यालयं बंद होतात आणि पगारच थांबतो; यालाच शटडाऊन म्हणतात. मी 2012 पासून मेरिलँडमध्ये एका केंद्रीय खात्यात काम करते. 2013 चं 16 दिवसांचं, 2018-19 चं 35 दिवसांचं आणि 2025 चं 43 दिवसांचं, अशी तीन शटडाऊन आमच्या घराने काढली. पहिल्या वेळी आम्ही जवळजवळ सगळं चुकवलं. तिसऱ्या वेळी एकही बिल थकलं नाही. जे नुकतेच सरकारी नोकरीत आले आहेत किंवा ज्यांचा नवरा, बायको, मुलगी या नोकरीत आहे, त्यांनी आमच्यासारखं ठेचकाळत शिकू नये म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. कायम सरकारी कर्मचाऱ्याचा पैसा शटडाऊनमध्ये बुडत नाही, अडकतो. त्यामुळे खरा प्रश्न वेळेचा आहे: तो अडकलेला पैसा सुटेपर्यंत घर कसं ओढायचं, आणि ही वेळ कमीत कमी पैशात कशी मिळवायची. खालची प्रत्येक पायरी त्यासाठी आहे.

हे होतं कशामुळे

केंद्र सरकारचं आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं आणि 30 सप्टेंबरला संपतं. खर्चाची 12 विधेयकं असतात. ती वेळेत मंजूर झाली नाहीत तर काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, तात्पुरतं विधेयक काढून जुन्याच दराने खर्च चालू ठेवते. तेही जमलं नाही, की अँटीडेफिशियन्सी ॲक्ट आडवा येतो: मंजुरी नसलेला पैसा खात्याने खर्च करायचा नाही. हा कायदा 19 व्या शतकातला आहे, पण कार्यालयं खरोखर बंद करायची पद्धत 1980-81 मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी या कायद्याचा कडक अर्थ लावला तेव्हापासूनची.

12 पैकी काही विधेयकं मंजूर असतील तर तेवढी खाती चालू राहतात. म्हणून एकाच इमारतीतल्या दोन मजल्यांपैकी एकाला पगार मिळतो आणि दुसऱ्याला नाही, असंही होतं. पोस्ट खातं स्वतःच्या उत्पन्नावर चालतं, त्याला झळ लागत नाही. सोशल सिक्युरिटीचे पैसेही येत राहतात. तुमच्या सासूबाई इथेच असतील आणि त्यांना ते मिळत असतील, तर काळजीत पडण्याआधी त्यांना एवढं सांगून टाका.

पायरी 1: तुम्ही कुठल्या गटात, आणि कुठला पगार चुकणार

कर्मचाऱ्यांचे तीन गट पडतात. ज्यांच्या खात्याचा पैसा फी किंवा वेगळ्या तरतुदीतून येतो ते 'एक्झेम्प्ट'. त्यांचं काम आणि पगार दोन्ही चालू. विमानतळावर सुरक्षा तपासणी करणारे टीएसए कर्मचारी, हवाई वाहतूक नियंत्रक, तुरुंगांचे रक्षक हे 'एक्सेप्टेड'. काम चालू, पगार बंद. उरलेले 'फर्लो', घरी बसायचं, पगार नाही, आणि कामाची ईमेलसुद्धा उघडायची नाही. ही शेवटची अट खरी आहे, हौसेने लॅपटॉप उघडू नका. 2025 मध्ये संसदेच्या काँग्रेशनल बजेट ऑफिसचा अंदाज होता की रोज सुमारे 7.5 लाख लोक फर्लोवर असतील.

तुमचा गट कोणता ते सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच साहेबांना विचारून ठेवा. विचारण्यात काही गैर नाही, सगळेच विचारतात.

आता पगाराचं गणित, आणि इथे मी जरा सावकाश जाते, कारण नवीन माणूस इथेच फसतो. आपला पगार दर दोन आठवड्यांनी होतो आणि काम केल्यानंतर साधारण आठवडाभराने हातात पडतो. 2025 चंच उदाहरण घ्या. 21 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा एक पे पिरियड होता. त्यातले 10 कामाचे दिवस मोजले तर 7 दिवस शटडाऊनच्या आधीचे, 3 नंतरचे. त्यामुळे 10 ऑक्टोबरच्या सुमाराला जो पगार आला तो अर्धवट होता. सात दिवसांचे म्हणजे 70 टक्के तरी येतील, असं आम्ही धरून चाललो होतो. हातात त्याहून कमी पडले, कारण आरोग्य विम्याचा हप्ता पूर्णच कापला गेला. त्यानंतर 24 ऑक्टोबरच्या सुमाराचा पगार शून्य. 7 नोव्हेंबरच्या सुमाराचाही शून्य.

म्हणजे पहिले तीन आठवडे घरात तसं काही जाणवत नाही. बातम्या पाहायच्या, मुलांना शाळेत सोडायचं, राहिलेली कपाटं आवरायची. चौथ्या आठवड्यात एकदम तळ दिसतो. हातात पैसे आहेत ते तीन आठवडेच तयारीचे असतात आणि बहुतेक जण ते 'मिटेल दोन दिवसांत' म्हणत घालवतात. 2013 मध्ये आम्हीही तेच केलं.

कॅलेंडर घ्या. त्यावर तुमच्या पगाराच्या पुढच्या चार तारखा लिहा, आणि प्रत्येक तारखेखाली: पूर्ण, अर्धा, की शून्य. हे काम शटडाऊनच्या पहिल्या संध्याकाळी करा.

पायरी 2: कागदपत्रं ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून आधी काढा

सुरळीत बंद करण्यासाठी पहिल्या दिवशी फर्लोवाल्यांना काही तास ऑफिसात बोलावतात. पण खरं तर हे काम सप्टेंबरमध्येच उरकलेलं बरं, कारण बऱ्याच खात्यांत आपली कागदपत्रं ऑफिसच्या नेटवर्कवरून आणि ओळखपत्राचं कार्ड लावूनच दिसतात. एकदा घरी आलात की ती हाताला लागत नाहीत.

काय काढायचं: सगळ्यात अलीकडचा एसएफ-50 फॉर्म (तुमच्या नेमणुकीची अधिकृत नोंद), शेवटच्या तीन-चार पगारांच्या एलईएस म्हणजे पगारपावत्या, गेल्या वर्षीचा डब्ल्यू-2 (वर्षाचा पगार आणि कापलेला कर यांचा दाखला), आरोग्य विम्याचे तपशील, आणि हातात पडेल त्या दिवशी फर्लोचं किंवा एक्सेप्टेडचं पत्र. पगाराच्या वेबसाइटवर तुमचा घरचा ईमेल आणि फोन नंबर नोंदवलेला आहे का, तेही पाहा. माझ्या एका सहकाऱ्याच्या खात्याचा पासवर्ड बदलण्याचा कोड ऑफिसच्या ईमेलवरच जात होता आणि ती ईमेल त्याला उघडता येत नव्हती. 43 दिवस तो स्वतःची पगारपावती पाहू शकला नाही.

हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा, एक प्रत घरच्या ड्राइव्हवर आणि एक कागदावर. पुढच्या प्रत्येक पायरीला यातलं काहीतरी लागतंच.

पायरी 3: स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून यादी

दोघांनी मिळून बसा. एकाने लपवून ठेवलेली काळजी महिनाभराने भांडण होऊन बाहेर येते.

यादीचे तीन भाग करा. पहिल्यात ज्याला हात लावायचा नाही ते: किराणा, औषधं, गाडीचा विमा, फोन. गाडीचा विमा मी मुद्दाम वर घेतला आहे. तो एकदा तुटला की पुन्हा घेताना हप्ता वाढतो आणि विम्याशिवाय गाडी चालवणं हा गुन्हा आहे. दुसऱ्या भागात विचारल्यावर थांबू शकतं ते: घराचा हप्ता किंवा भाडं, गाडीचं कर्ज, विजेचं बिल, पाळणाघर. तिसऱ्यात आजच बंद करता येईल ते: चित्रपटांची वर्गणी, व्यायामशाळा, कर्जावर जास्तीचं भरलेलं मुद्दल, मुलांच्या शिक्षणाच्या 529 खात्यातली भर, भारतातली एसआयपी.

मग ऑटोपे, म्हणजे ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप भरली जाणारी बिलं. कृपा करून या ओळीवर थांबा. शटडाऊनमध्ये लोकांचं जे खरं, कधीच भरून न येणारं नुकसान होतं, त्यातलं बरंचसं ऑटोपेमुळे होतं. खात्यात पगार नाही, पण ठरल्या तारखेला घराचा हप्ता बँक ओढायला जाते. पैसे पुरत नाहीत. बँक दंड लावते आणि समोरचाही लावतो. शटडाऊन संपल्यावर बॅकपे म्हणून सरकार मागचा पगार देतं, हे दंड देत नाही. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातली सगळी ऑटोपे आधी बंद करा आणि हाताने भरा. ठरलेल्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी, कारण शेवटच्या दिवशी बदल लागू होत नाही.

भारतात दर महिन्याला पैसे पाठवत असाल तर तिथल्यांनाही लगेच सांगा. 2025 मध्ये दिवाळी ऐन शटडाऊनमध्ये आली. मी भावाला फोन करून म्हटलं की या महिन्यात बाबांच्या औषधांचं तू बघ, डिसेंबरमध्ये हिशेब करू. तो म्हणाला, "एवढंच ना? मग इतका जड आवाज कशाला?"

पायरी 4: पैसे असतानाच फोन करा

त्याच दसऱ्याच्या फोनवर आईने मला 1977-78 चा राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सांगितला. 54 दिवस चालला होता तो. बाबा तेव्हा कारकून होते. आई म्हणाली, संप सुरू झाला त्या संध्याकाळी ती वाण्याकडे गेली, घरात दहा दिवसांचं धान्य असतानाच. त्याला म्हणाली, संप आहे, किती दिवस चालेल ठाऊक नाही, वही वेगळी घाला, संप मिटला की पहिला पगार तुमचा. वाण्याने मान डोलावली. शेजारच्या बाई गेल्या त्या डबे रिकामे झाल्यावर, मागची उधारी थकलेली असताना. त्यांना त्याने तांदूळ मोजून दिले.

अमेरिकेत वाणी नाही, पण कर्ज देणाऱ्या कंपनीचा कारभार अगदी तसाच चालतो. हप्त्याची तारीख उलटण्याआधी फोन केला तर तुम्ही 'अडचणीत आलेले चांगले ग्राहक' असता आणि सवलतींची यादी उघडते. तारीख उलटल्यावर तुम्ही 'थकबाकीदार' होता आणि फोन वसुलीच्या माणसाकडे जातो. म्हणून शटडाऊनच्या पहिल्याच आठवड्यात यादीच्या दुसऱ्या भागातल्या प्रत्येकाला फोन करा, खात्यात पैसे असले तरी.

फोनवर आडपडदा ठेवू नका. मी केंद्रीय कर्मचारी आहे, 1 तारखेपासून पगार थांबला आहे, पत्र माझ्याकडे आहे, शटडाऊन संपल्यावर कायद्याने मागचा पगार मिळेल, तोपर्यंत तुमच्याकडे काय सोय आहे? एवढं पुरतं. त्यानंतर मात्र पाच गोष्टी नेमक्या विचारा: किती दिवस पुढे ढकलाल, विलंबशुल्क माफ आहे का, त्या काळात व्याज चढतं का, कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट ब्यूरोला काय कळवाल, आणि थांबवलेली रक्कम परत कशी घ्याल.

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. 2019 मध्ये आमच्या घराचं कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीत पहिल्या बाईंनी खूप गोड बोलून तीन महिन्यांची फोरबेअरन्स, म्हणजे हप्ते थांबवण्याची सवलत, देऊ केली. मी जवळजवळ हो म्हणाले होते. मग विचारलं, चौथ्या महिन्यात काय? तर म्हणाल्या, चारही हप्ते एकदम. ते आम्हाला शक्यच नव्हतं. मी आभार मानून फोन ठेवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा केला, दुसरा माणूस भेटला, आणि त्याने थांबवलेले हप्ते कर्जाच्या शेवटी जोडायची सोय दिली. कंपनी तीच, फाइल तीच. तेव्हापासून माझा नियम आहे: पहिलं उत्तर पटलं नाही तर पुन्हा फोन. आणि जे ठरलं ते लेखी मागायचं. माणसाचं नाव, तारीख, वेळ आणि संदर्भ क्रमांक वहीत लिहायचा. माझी ती वही अजून आहे, मुलाच्या गणिताच्या जुन्या वहीची मागची पानं.

दोन बारकावे. घराच्या कर्जाला साधारण 15 दिवसांची सवलत असते, त्यात भरलं तर विलंबशुल्क नाही. आणि हप्ता 30 दिवस थकल्याशिवाय तो क्रेडिट रिपोर्टवर उशिरा म्हणून जात नाही. पैसे थोडेच असतील आणि सगळ्यांचं भागत नसेल, तर ही 30 दिवसांची रेघ डोळ्यांसमोर ठेवून कुणाला आधी द्यायचं ते ठरवा.

भाडेकरूंनी मालकाला लेखी पत्र द्यावं. सरकारच्या ऑफिस ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंटने 2018-19 मध्ये अशा पत्रांचे नमुने दिले होते. वॉशिंग्टन डीसी आणि व्हर्जिनियात शटडाऊनमध्ये अडकलेल्या कर्मचाऱ्याला घर खाली करण्याच्या खटल्यात मुदत मागण्याची कायद्याने सोय आहे. तुमची गोष्ट तिथवर जाऊ नये, पण गेली तर कोर्टात हजर राहून ही मुदत मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

ज्यांना सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय कामाची परवानगी, आहे ते यात जास्त घाबरतात, कारण थकलेलं कर्ज तिथे विरुद्ध जातं. त्या नियमांतच लिहिलेलं आहे की अडचण आपल्या हाताबाहेरची होती आणि आपण जबाबदारीने वागलो, हे दाखवता आलं तर ते बाजूने धरलं जातं. ही पत्रं आणि ती वही म्हणजेच तुमचा पुरावा.

पायरी 5: पैसे कुठून आणायचे, आणि कोणत्या क्रमाने

आधी स्वतःची बचत. ती याचसाठी असते, ती वापरताना अपराधी वाटून घेऊ नका.

मग बिनव्याजी कर्ज. नेव्ही फेडरलसारख्या क्रेडिट युनियन, म्हणजे सभासदांच्या सहकारी पतसंस्था, शटडाऊनमध्ये अडकलेल्या पगाराइतकं कर्ज शून्य व्याजाने देतात आणि पगार आला की परत घेतात. पण अट अशी की तुमचा पगार आधीपासून त्यांच्याच खात्यात जमा होत असला पाहिजे. शटडाऊन सुरू झाल्यावर खातं उघडून उपयोग नाही. तुमच्या खात्याची स्वतःची क्रेडिट युनियन बहुधा असेलच. तुम्हाला तिची पात्रता कशी लागते ते या महिन्यात पाहा आणि पगार तिकडे वळवा. नव्या माणसाने पहिल्या वर्षात करायची एकच गोष्ट सांगा म्हटलं तर मी हीच सांगेन.

मेरिलँड सरकारने 2025 मध्ये पगाराविना काम करणाऱ्या एक्सेप्टेड कर्मचाऱ्यांना 700 डॉलरचं एकदाच मिळणारं बिनव्याजी कर्ज दिलं. रक्कम लहान, पण दोन-तीन आठवड्यांचा किराणा त्यात निघतो. तुमच्या राज्याच्या कामगार खात्याच्या वेबसाइटवर असं काही आहे का ते पहिल्या आठवड्यात बघा.

भारतात एनआरई ठेव असेल तर ती मोडून पैसे इकडे आणता येतात. एक वर्ष पूर्ण होण्याआधी मोडली तर व्याज मिळत नाही, एवढाच तोटा. एनआरओ खात्यातले पैसे आणायला करकागदांचा सोपस्कार आहे, घाईच्या वेळी त्याच्या भरवशावर राहू नका.

त्यानंतर टीएसपी, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याचं निवृत्तीसाठीचं बचत खातं. त्यातून कर्ज घेतलं तर व्याज आपल्याच खात्यात परत येतं आणि शटडाऊनमुळे हप्ता चुकला म्हणून ते कर्ज बुडीत धरलं जात नाही. पण 'हार्डशिप विड्रॉवल', म्हणजे अडचणीपोटी पैसे काढूनच घेणं, याच्या वाटेला जाऊ नका. त्यावर आयकर लागतो, वय साडेएकोणसाठच्या खाली असेल तर सहसा वर 10 टक्के दंड, आणि काढलेले पैसे परत भरता येत नाहीत. महिना-दीड महिना अडकलेल्या पगारासाठी म्हातारपणची पुंजी कायमची मोडणं हा फार महागडा व्यवहार आहे.

क्रेडिट कार्डावर किराणा घेणं चालेल, किमान रक्कम वेळेवर भरत राहा. कार्डावर रोख काढणं मात्र नाही, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. 2013 मध्ये आम्ही रोख काढली होती, कुणाला सांगायची लाज वाटली म्हणून. शटडाऊन संपलं तरी ते व्याज फेडत होतो. आणि 'सरकारी कर्मचाऱ्यांसाठी खास कर्ज, पगारातून परस्पर कपात' अशा जाहिराती दिसतील, त्यांचा व्याजदर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वाचलात की सही करणार नाही.

पायरी 6: बेकारी भत्ता

फर्लोवर असाल तर तुम्ही बेकारी भत्त्याला पात्र असता. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या या योजनेला यूसीएफई म्हणतात. एक्सेप्टेड कर्मचारी पूर्ण वेळ काम करत असल्याने सहसा पात्र ठरत नाहीत.

अर्ज कुठे करायचा? जिथे राहता तिथे नाही, जिथे तुमची अधिकृत नेमणूक आहे त्या राज्यात. आमच्या भागात हे फार चुकतं: घर मेरिलँडला, ऑफिस डीसीत, आणि अर्ज मेरिलँडला. तीन आठवड्यांनी नकाराचं पत्र येतं आणि सगळं पहिल्यापासून. नेमणुकीचं ठिकाण एसएफ-50 वर लिहिलेलं असतं, म्हणून तो फॉर्म पायरी 2 मध्ये पहिला घेतला.

रक्कम मोठी नाही. मेरिलँडमध्ये 2025 मध्ये जास्तीत जास्त आठवड्याला 430 डॉलर होती. बॅकपे मिळाला की ती परत करावी लागते, म्हणजे तेही एक बिनव्याजी उसनंच. दर आठवड्याचा दाखला ऑनलाइन भरायला विसरू नका. आणि परतफेड त्याच कॅलेंडर वर्षात करा. 2018-19 चं शटडाऊन दोन वर्षांत विभागलं गेलं होतं आणि भत्ता एका वर्षात घेऊन दुसऱ्या वर्षात परत केलेल्यांच्या करविवरणाचा चांगलाच गुंता झाला.

विमा आणि एफएसए

आरोग्य विमा चालू राहतो. हप्ते साचतात आणि पगार सुरू झाला की कापले जातात. डॉक्टरांची ठरलेली तपासणी रद्द करू नका, मुलांच्या लसी पुढे ढकलू नका. दातांचा आणि डोळ्यांचा विमाही सुरू राहतो. अडतं ते एफएसए, म्हणजे औषधोपचारासाठी पगारातून करमुक्त बाजूला ठेवलेले पैसे: शटडाऊनच्या काळात केलेल्या औषधोपचारांच्या पावत्यांचे पैसे पगार पुन्हा सुरू होईपर्यंत मिळत नाहीत. पावत्या जपून ठेवा.

जोडकाम

फर्लोवर असलात तरी तुम्ही सरकारी कर्मचारीच असता आणि आचारसंहिता लागू राहते. काही खात्यांत बाहेरच्या कामाला आधी लेखी परवानगी लागते, आणि ती देणारे स्वतःच फर्लोवर गेलेले असतात. म्हणून सुट्टीत शिकवण्या घ्यायच्या किंवा टॅक्सी चालवायची असा विचार असेल तर परवानगी सप्टेंबरमध्ये मागून ठेवा.

कॉन्ट्रॅक्टर असाल तर

वर मी म्हटलं की पैसा बुडत नाही. ते कॉन्ट्रॅक्टरला लागू नाही, आणि आपल्या मराठी मंडळींत हे फार जण आहेत. कायम सरकारी नोकरीला बहुतेक ठिकाणी नागरिकत्व लागतं, त्यामुळे ग्रीन कार्ड किंवा एच-1बी वरची मंडळी खाजगी कंपनीमार्फत सरकारी खात्यात काम करतात. टेबल शेजारचंच असतं, पण शटडाऊन संपल्यावर शेजारच्याला 43 दिवसांचा पगार मिळतो आणि यांना कायद्याने काहीच मिळत नाही. मला या व्यवस्थेत सगळ्यात जास्त खुपतं ते हे.

कॉन्ट्रॅक्टरने पहिल्याच दिवशी आपल्या कंपनीला तीन गोष्टी विचाराव्यात: मला दुसऱ्या कामावर घेता का, साठलेली रजा वापरू शकतो का, आणि विम्याचा हप्ता कोण भरणार. तुम्ही एच-1बी वर असाल तर एक हक्क ध्यानात ठेवा: काम नाही म्हणून कंपनी तुम्हाला बिनपगारी घरी बसवू शकत नाही. ठरलेला पगार तिला द्यावाच लागतो. शिवाय कामगार खात्याचा निधी थांबला तर नव्या एच-1बी अर्जासाठी लागणारं एलसीए प्रमाणपत्र मिळत नाही, 2013 मध्ये आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तसं झालं. नोकरी बदलणार असाल तर वकिलाशी सप्टेंबरमध्येच बोला.

कॉन्ट्रॅक्टरच्या घराने बचतीचं गणित वेगळं करावं. कायम कर्मचाऱ्याला मी म्हणेन, 50 दिवसांचा आवश्यक खर्च बाजूला ठेवा: 43 दिवस आणि वर पैसे हातात यायचा एक आठवडा. म्हणजे यादीच्या पहिल्या भागाची आणि घराच्या हप्त्याची बेरीज, चैनीची नव्हे. कॉन्ट्रॅक्टरला तेवढ्याने भागत नाही, कारण तो खड्डा नंतर कुणी भरून देत नाही. आणि जिथे नवरा-बायको दोघंही सरकारी नोकरीत आहेत, तिथे दोन पगार असूनही आधार एकच आहे हे धरून चाला.

अन्नाची मदत घ्यायला संकोच नको

जानेवारी 2019 मध्ये वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर शेफ होसे आंद्रेस यांच्या वर्ल्ड सेंट्रल किचनने केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी गरम जेवण सुरू केलं. ओळखपत्र दाखवायचं आणि जेवायचं. मी दोन दिवस त्या रांगेच्या बाजूने तशीच निघून गेले. तिसऱ्या दिवशी माझ्याच मजल्यावरच्या वरिष्ठ बाई रांगेत दिसल्या, त्यांनी हात हलवून बोलावलं आणि पुढे जागा करून दिली. आम्ही उभ्यानेच सूप प्यायलो. 2025 मध्ये कॅपिटल एरिया फूड बँकेने केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी अन्नवाटप केलं तेव्हा मी पहिल्याच शनिवारी गेले, आणि कार्यालयात नव्याने आलेल्या दोघी मुलींना गाडीत घालून घेऊन गेले.

शटडाऊन संपल्यावर

16 जानेवारी 2019 च्या कायद्याने बॅकपे आता हक्काचा आहे, फर्लोवाल्यांनाही. ऑक्टोबर 2025 मध्ये तो आपोआप मिळतो का, यावर सरकारी पातळीवरच शंका काढली गेली आणि लोकांची झोप उडाली. हजारो जणांना नोकरकपातीच्या नोटिसाही गेल्या. 12 नोव्हेंबरला जे विधेयक कायदा झालं त्यात बॅकपे स्पष्ट लिहिला गेला आणि त्या काळातल्या नोटिसा मागे घेतल्या गेल्या. अशी बातमी पुन्हा ऐकलीत तर तो कायदा आणि हा अनुभव दोन्ही लक्षात असू द्या, पण घरातली रोख मात्र काटकसरीनेच वापरत राहा.

परत कामावर गेल्यावर पहिलं काम टाइमशीट. फर्लोच्या तासांना नेमका कोणता कोड टाकायचा ते साहेब सांगतील; तो चुकला की बॅकपे अडतो. पैसे आले की एलईएस समोर घेऊन बसा. साचलेले विम्याचे हप्ते एकदम कापलेले दिसतील, कर नेहमीपेक्षा जास्त कापलेला असू शकतो, टीएसपीची कपात आणि त्यावरची सरकारी भर दोन्ही आली आहे का ते पाहा. रजा जमा झाली का तेही. चूक दिसली तर त्याच आठवड्यात कळवा, कारण सगळ्यांच्याच तक्रारी एकदम जातात.

मग ती वही काढा आणि फोन केला होता त्याच क्रमाने पैसे चुकते करा: आधी क्रेडिट युनियन, बेकारी भत्ता, मग पाळणाघर, वीज, घर. ऑटोपे एकेक करून परत सुरू करा. आमच्याकडे या वेळी शेवटचं नाव भावाचं होतं. बाबांच्या औषधांचे पैसे मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाठवले आणि वहीत त्यापुढे बरोबरची खूण केली.